भूल, मेद आणि स्फिंक्सचं कोडं

ऑपरेशन होऊन आलेल्या माणसाला भेटायला गेलं की आपण पहिल्यांदा विचारतो, "सर्जन कोण होते?" भूल कोणी दिली हे सहसा कुणी विचारत नाही. बिलात त्याची एक वेगळी ओळ असते, तेवढीच काय ती दखल. पण जरा थांबून विचार केला तर सगळ्यात अचाट काम तिथेच झालेलं असतं. दोन-तीन तास तो माणूस या जगात नसतो. पोट उघडलं, शिवलं, त्याला पत्ता नाही. मग कोणीतरी गालावर थापटी मारून "काका, नाव सांगा" म्हणतं आणि काका बरोब्बर आपलं नाव सांगतात. ते मधले तीन तास गेले कुठे?

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने एका रुग्णाला सगळ्यांसमोर ईथर हुंगवलं आणि सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. आधुनिक भूलशास्त्राची जाहीर सुरुवात तिथून धरतात. म्हणजे हा प्रकार आपण पावणेदोनशेहून अधिक वर्षं करतोय. आणि तरीही "मेंदूत नेमकं होतं काय?" यावर शास्त्रज्ञ शंभराहून जास्त वर्षं भांडत आले आहेत. भांडणाचा मुद्दा ऐकायला अगदी स्वयंपाकघरातला वाटतो: तेल की डाळ? म्हणजे पुस्तकी भाषेत, मेद की प्रथिनं?

आता तुम्ही म्हणाल, आयटीवाल्याला या उठाठेवी सांगितल्यात कोणी? रास्त प्रश्न आहे. मी बारावीला बायॉलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेणाऱ्यांपैकी. पण गेले काही वीकेंड या विषयावर जे मिळेल ते वाचत बसलोय, आणि वाचता वाचता लक्षात आलं की हे भांडण आपल्या फार ओळखीचं आहे. का, ते पुढे येईलच.

आधी थोडी तोंडओळख. मेंदूतलं पाणी काढून टाकलं तर जे उरतं त्यातला निम्म्याच्या आसपास भाग मेदाचा असतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी २० ते २५ टक्के एकटा मेंदू बाळगून असतो. (म्हणजे एखाद्याच्या डोक्यात चरबी आहे असं म्हणणं शास्त्रशुद्ध आहे. :-)) हा मेद मुख्यतः पेशींच्या आवरणात, पेशीपटलात असतो. पटलाची जाडी साधारण ५ नॅनोमीटर, केसाच्या हजारो पट कमी. त्यात मेदाचे रेणू आणि प्रथिनांचे रेणू शेजारी शेजारी नांदतात. चेतापेशीचा सगळा धंदा या पटलावरच चालतो: आत आणि बाहेर विजेच्या दाबाचा फरक राखायचा, आणि निरोप आला की क्षणभर दारं उघडून तो पुढे सरकवायचा. तेव्हा प्रश्न असा, की या पटलात खरं काम करतं कोण? मेद नुसती भिंत आहे आणि प्रथिनं दारं आहेत, की भिंतीलाही काही म्हणायचं आहे?

गोष्टीतलं पहिलं पात्र म्हणजे योहान लुडविग विल्हेल्म थुडिखुम. जन्म १८२९, जर्मनीतला. प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचा विद्यार्थी. १८५३ मध्ये लंडनला आला आणि तिथेच डॉक्टरकी करत राहिला. ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय विभागाने त्याला टायफस, कॉलरा अशा रोगांत शरीरातली रसायनं कशी बिघडतात ते शोधायला पैसे दिले. थुडिखुमचं म्हणणं सरळ होतं: बिघडलेला मेंदू ओळखायचा तर आधी धडधाकट मेंदू कशाचा बनलाय ते कळायला हवं. आमच्याकडे याला बेसलाइन म्हणतात. मग हा गृहस्थ वर्षानुवर्षं बैलांचे आणि माणसांचे मेंदू अल्कोहोल आणि ईथरमध्ये विरघळवून, गाळून, सुकवून त्यातले पदार्थ एकेक करून वेगळे काढत बसला. १८८४ मध्ये त्याने मेंदूच्या रासायनिक घडणीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याला सापडलेल्या एका पदार्थाचं नाव त्याने ठेवलं स्फिंगोसिन. ग्रीक कथेतली ती कोडं घालणारी स्फिंक्स आहे ना, तिच्यावरून. या पदार्थाने इतकी कोडी घातली की दुसरं नाव सुचेना.

पण त्याची दखल घेतली गेली नाही. उलट त्या काळातली बडी मंडळी, जर्मनीतले हॉपे-झायलर, इंग्लंडमधले आर्थर गॅमजी, त्याच्यावर तुटून पडली. कारण १८६५ पासून असा समज रूढ होता की मेंदूतला मेद म्हणजे 'प्रोटॅगॉन' नावाचा एकच एक महारेणू. थुडिखुम म्हणत होता, अहो, हा एक पदार्थ नाही, हे मिश्रण आहे, मी वेगवेगळे करून दाखवतो. सरकारी पैसा आटला. त्याने घरच्या प्रयोगशाळेत काम चालू ठेवलं. (मधल्या काळात, १८९५ मध्ये, त्याने पाककलेवर एक जाडजूड पुस्तकही लिहिलं. पदार्थ वेगळे करणारा माणूस पदार्थ एकत्र करण्यातही रमत असणार.) १९०१ मध्ये तो वारला. त्यानंतर दहाएक वर्षांत प्रोटॅगॉन हे खरंच मिश्रण असल्याचं सिद्ध झालं, आणि स्फिंगोसिनची नेमकी रचना कळायला १९४७ साल उजाडलं. थुडिखुमला यातलं काही पाहायला मिळालं नाही.

मेंदूत कुठकुठले मेद आहेत ते थुडिखुमने सांगितलं. ते करतात काय, हा प्रश्न भूल देणाऱ्यांच्या बाजूने पुढे आला. १८९९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला हान्स मेयर आणि त्याच सुमारास झुरिचमध्ये चार्ल्स अर्नेस्ट ओव्हर्टन, एकमेकांशी संबंध नसताना एकाच निष्कर्षाला पोचले. ओव्हर्टनची पद्धत तर शाळेतल्या प्रयोगाइतकी साधी. पाण्यात बेडकाची पिल्लं, म्हणजे टॅडपोल, सोडायची. त्यात एखादं रसायन थोडं थोडं वाढवत जायचं. किती झाल्यावर ती पोहायची थांबतात ते लिहून ठेवायचं. मग स्वच्छ पाण्यात टाकलं की ती परत पोहू लागतात ना, हे पाहायचं. तसं झालं तर ती खरी भूल, नाहीतर विष. अशी खंडीभर रसायनं तपासल्यावर एक नियम दिसला: जे रसायन ऑलिव्ह तेलात जितकं जास्त विरघळतं, तितकं ते भूल द्यायला कमी लागतं.

हा नियम किती चपखल बसतो ते नंतरच्या काळातल्या दोन औषधांवरून बघा. हॅलोथेन हे तेलात नायट्रस ऑक्साइडच्या साधारण १५० पट जास्त विरघळतं. आता डोस. शस्त्राचा काप घेताना निम्मे रुग्ण हलत नाहीत, ही भूलतज्ज्ञांची मोजपट्टी. त्यासाठी श्वासातल्या हवेत हॅलोथेन लागतं पाऊण टक्का. नायट्रस ऑक्साइड मात्र १०० टक्के दिलं तरी किंचित कमीच पडतं. म्हणजे डोसमधला फरकही त्याच घरातला. ईथर, क्लोरोफॉर्म, अल्कोहोल, यांच्या रेणूंचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण सगळे या एकाच रेषेवर येऊन बसतात. १९५१ मध्ये तर झेनॉन वायू देऊन माणसांची ऑपरेशनं झाली. झेनॉन! जो सहसा कुणाशीच रासायनिक संबंध ठेवत नाही. असा अलिप्त वायू एखाद्या प्रथिनाच्या खाचेत चावीसारखा बसून काम करत असेल हे कोणाला पटणार? तो नुसता चरबीत शिरून बसतो, हेच उत्तर सरळ वाटत होतं. तेलवाल्यांची बाजू भक्कम होती.

एक अडचण मात्र होती. ज्या मेदात हे सगळं विरघळतं तो पेशीत कसा रचलेला आहे हेच नीट माहीत नव्हतं. याचं उत्तर आलं ते एका घरातल्या भांडी घासायच्या पाण्यातून. ब्राउनश्वाइगला राहणारी आग्नेस पॉकेल्स. बाई असल्यामुळे विद्यापीठाचं दार बंद, घरात आजारी आईवडील. तिने पाण्यावर तेलाचा तवंग कसा पसरतो ते मोजायचं एक साधं उपकरण स्वतःच बनवलं: पत्र्याची कुंडी आणि वर सरकणारी पट्टी. १८९१ च्या सुरुवातीला तिने आपले निष्कर्ष पत्राने लॉर्ड रॅली यांना कळवले, आणि त्यांनी ते पत्र 'नेचर' या नियतकालिकात छापून आणलं. हेच उपकरण सुधारून अमेरिकेतल्या अर्विंग लँगम्यूर यांनी तवंग एका रेणूइतका पातळ असतो हे दाखवलं. त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं.

१९२५ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी लाल रक्तपेशींतला मेद काढून अशा कुंडीत पसरवला. त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे पटल दुपदरी! मेदाच्या रेणूचं पाण्याला धरून राहणारं डोकं बाहेर, पाण्याला टाळणाऱ्या शेपट्या आत, अशा दोन ओळी पाठीला पाठ लावून. आता यातली गंमत ऐका. नंतर कळलं की त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या. ॲसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता, आणि वाळलेल्या पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं. प्रोग्रॅममध्ये दोन बग मिळून टेस्ट पास होते, त्यातला प्रकार. फक्त इथे आउटपुट शंभर वर्षं टिकलंय.

मग १९३५ मध्ये डॅनियली आणि डेव्हसन यांनी प्रथिनांना जागा दिली, पण कुठे? दुपदरी मेदाच्या बाहेरून, दोन्ही बाजूंना. थोडक्यात मस्कापाव: पाव प्रथिनांचा, मस्का मेदाचा. पुढची तीनेक दशकं पाठ्यपुस्तकांत हाच मस्कापाव होता. १९५० च्या सुमारास जॉन्सन आणि फ्लॅग्लर यांनी पुन्हा टॅडपोलच घेतले. अल्कोहोलने गुंगलेल्या पिल्लांवर पाण्याचा दाब वातावरणाच्या शंभराहून जास्त पट वाढवला, तर ती शुद्धीवर येऊन पोहू लागली! अर्थ लावला गेला असा: औषध मेदात शिरून पटल फुगवतं, दाब त्याला परत आवळतो. तेलवाल्यांच्या बाजूने आणखी एक साक्ष.

पण पायाखालची वाळू सरकायला लागली होती. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी माकूल या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून दाखवलं, की चेतापेशीतला निरोप म्हणजे सोडियम आणि पोटॅशियमसाठी वेगवेगळी, वेळ साधून उघडबंद होणारी वाट. (केंब्रिजचा कॉम्प्युटर त्या वेळी दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून हक्सलींनी ती सगळी समीकरणं हाताने फिरवायच्या ब्रुन्सव्हिगा गणकयंत्रावर सोडवली. ही यंत्रं बनायची ब्राउनश्वाइगला, पॉकेल्सबाईंच्या गावात. सर्व्हर डाउन आहे म्हणून काम थांबलंय असं सांगणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) आता सोडियम आणि पोटॅशियम यांतला फरक ओळखून दार उघडायचं काम लोण्याच्या थराला कसं जमणार? असल्या निवडीसाठी नेमकी घडण असलेला रेणू हवा, म्हणजे प्रथिन. १९७६ मध्ये नेहर आणि साकमन यांनी एका सुटय़ा दाराचा विद्युतप्रवाह मोजून दाखवला. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी जिवाणूतल्या अशाच एका पोटॅशियमच्या दाराची अणू-अणूची रचना काढली.

दरम्यान भिंतीचीही गोष्ट बदलली. आपल्याला भिंत चालवल्याची कथा लहानपणापासून ठाऊक असते. चांगदेवाला भेटायला ज्ञानेश्वर भावंडांसह भिंतीवर बसून निघाले ती. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र जोडली. एकीच्या प्रथिनांना लाल चमकणारी खूण, दुसरीच्यांना हिरवी. सुरुवातीला अर्धी पेशी लाल, अर्धी हिरवी. चाळीस मिनिटांत सगळं सरमिसळ! म्हणजे ही भिंत स्थिर नाहीच, तेलासारखी वाहते आणि तिच्यातली दारं तरंगत फिरतात. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी यावरून 'प्रवाही मोझेक' चित्र मांडलं आणि मस्कापाव निकालात निघाला. प्रथिनं आता मेदाच्या बाहेर नव्हती, मेदातून आरपार होती. पण या चित्राचा एक परिणाम असाही झाला की सगळ्यांचं लक्ष तरंगणाऱ्या प्रथिनांकडे गेलं. मेद म्हणजे त्यांना तरंगायला लागणारा समुद्र. समुद्राकडे कोण बघतो?

मग १९८४ मध्ये लंडनच्या निक फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी तेलवाल्यांना खरा धक्का दिला. त्यांनी काजव्याला चमक देणारं ल्युसिफरेज हे प्रथिन घेतलं, अगदी शुद्ध, मेदाचा लवलेश नाही. त्यावर भुलीची औषधं टाकली, तर चमक विझत गेली. आणि कोणतं औषध किती लागतं याचा क्रम तोच, जो भुलीसाठी लागतो. म्हणजे तेल मुळीच नसताना तेलाचा नियम पाळला जात होता! कारण प्रथिनांतही तेलकट खाचा असतात. एवढी वर्षं ज्या पुराव्यावर तेलवाले निर्धास्त होते, तो दोन्हींकडे सारखाच लागू पडत होता.

त्यानंतर पुरावे येत गेले. आपले दोन हात जसे एकमेकांचे आरसे असतात तसे काही औषधांच्या रेणूंचेही डावे-उजवे प्रकार असतात. तेलात दोन्ही सारखेच विरघळतात. पण एटोमिडेट या औषधाचा एक प्रकार दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त प्रभावी ठरला. तेलाला डावं-उजवं इतकं कळत नाही. प्रथिनाच्या खाचेला कळतं. शिवाय भुलीच्या डोसमुळे मेदाच्या थरात जेवढा बदल होतो, तेवढा अंगाचं तापमान १ अंशाने वाढलं तरी होतो. पण थोडा ताप आला म्हणून माणूस बेशुद्ध पडत नाही. आणि २००३ मध्ये तर मेंदूतल्या गाबा नावाच्या निरोपाला उत्तर देणाऱ्या प्रथिनात एक अमिनो आम्ल बदललेले उंदीर तयार केले गेले. त्या उंदरांवर एटोमिडेट आणि प्रोपोफॉल यांचा परिणाम खूपच कमी झाला. आता डाळवाल्यांची बाजू भक्कम झाली, आणि शंभर वर्षांचा तेलाचा सिद्धांत इतिहासजमा झाल्यासारखा वाटू लागला.

इथे मला आमच्या धंद्याची आठवण होते. रात्री दोनला सिस्टिम झोपते. ॲप्लिकेशन टीम म्हणते नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. नेटवर्क टीम म्हणते आमच्याकडे सगळं हिरवं आहे, तुमचा कोड बघा. तिकीट इकडून तिकडे, तिकडून इकडे. दोघेही आपापल्या जागी खरं बोलत असतात, दोघांकडे ग्राफ असतात. आणि चूक बऱ्याचदा दोघांच्या मधे असते, जिथे एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होतं. ती जागा कोणाच्याच नावावर नसते.

पेशीपटलाचंही तसंच निघालं. एकेका प्रथिनाला मेदापासून अलग करून अभ्यासणाऱ्यांनाच आधी शंका यायला लागली. २००६ मध्ये मॅकिनन यांच्याच प्रयोगशाळेने विजेच्या दाबावर उघडणारं पोटॅशियमचं दार अशा मेदात बसवलं, ज्याच्या डोक्यावर फॉस्फेट नव्हता. दार काम करेना. या दाराला दाब ओळखणारे जे हात असतात त्यांच्यावर धन भार असतो, आणि त्यांना आधार द्यायला समोर मेदाच्या डोक्यावरचा ऋण भाराचा फॉस्फेट लागतो. म्हणजे बिजागरीचा अर्धा भाग दारावर आणि अर्धा भिंतीत! दार उखडून टेबलावर ठेवून ते का उघडत नाही म्हणून बघत बसलो तर काय कळणार? आपल्याकडे हैदराबादला, सीसीएमबीत, अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटानेही असंच काहीसं दाखवलं होतं: स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस भागातल्या पटलांमधून कोलेस्टेरॉल काढून घेतलं की सेरोटोनिनला पकडणाऱ्या एका प्रथिनाची पकड ढिली होते.

आणि मेद म्हणजे सगळीकडे सारखा पसरलेला समुद्र, हेही खरं नव्हतं. १९९७ मध्ये काय सिमन्स आणि एलिना इकोनेन यांनी मांडलं की कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोसिनपासून बनलेले मेद पटलात एकत्र येऊन छोटे तराफे बनवतात, आणि ठरावीक प्रथिनं त्या तराफ्यांवर बसतात. यावरही भांडणं झालीच. थंडीत डिटर्जंट घालून जे उरतं ते तराफे, अशी पद्धत होती. टीकाकार म्हणाले, साबण लावल्यावर दिसतं ते साबणानेच बनवलेलं नसेल कशावरून? मग जिवंत पेशीतच, तिला न मोडता, बघण्याच्या युक्त्या निघाल्या. त्यात बंगळूरच्या एनसीबीएसमधल्या सत्यजित मेयर यांच्या गटाचं काम महत्त्वाचं आहे. (मेयर यांनी एमएस्सी आपल्या पवईच्या आयआयटीतून केली.) १९९८ आणि २००४ मधल्या त्यांच्या कामातून दिसलं की असे पुंजके खरंच असतात, पण इतके छोटे की साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसूच नयेत, काही तर मोजक्या दोन-चार रेणूंचे.

आता भुलीकडे परत येऊ. २०२० या एकाच वर्षी दोन शोधनिबंध आले. पहिल्यात, अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने गाबाच्या त्या प्रथिनात प्रोपोफॉल आणि एटोमिडेट नेमके कुठे बसतात त्याची चित्रं काढली. प्रथिनातच बसतात, म्हणजे डाळवाले बरोबर. पण प्रथिनाच्या कुठल्या भागात? पाण्यातल्या नव्हे, मेदात बुडालेल्या भागात. दुसऱ्या निबंधात, अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतले स्कॉट हॅन्सन, रिचर्ड लर्नर आणि सहकारी यांनी क्लोरोफॉर्म, आयसोफ्लुरेन अशा हुंगायच्या औषधांचा एक वेगळा मार्ग दाखवला. ही औषधं मेदाचा तराफा विस्कटतात. त्यावर बांधून ठेवलेलं एक एन्झाइम (फॉस्फोलायपेज डी२) मोकळं होतं, शेजारच्या दुसऱ्या मेदाकडे सरकतं, तिथे एक नवा मेदरेणू बनवतं, आणि तो नवा रेणू ट्रेक-१ नावाचं पोटॅशियमचं दार उघडतो. पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि चेतापेशी पेटायला नाखूश होते. ज्या फळमाश्यांमध्ये हे एन्झाइमच नव्हतं, त्यांना गुंगवायला औषध जास्त लागलं.

मेद, मग प्रथिन, मग मेद, मग पुन्हा प्रथिन. साखळी बघा. यात तेल जिंकलं म्हणायचं की डाळ? हुंगायच्या सगळ्या औषधांचं सगळं कोडं या एका मार्गाने सुटतं असं मुळीच नाही. ही औषधं एकापेक्षा जास्त ठिकाणी काम करतात आणि प्रोपोफॉलसारख्यांचा मुख्य रस्ता वेगळा आहे. पण "मेद की प्रथिनं" हा प्रश्नच आता टिकत नाही. शंभर वर्षं दोन्ही बाजूंनी समोरच्याला पार्श्वभूमी समजलं. तेलवाल्यांना प्रथिनं म्हणजे बाहेरचा पाव, डाळवाल्यांना मेद म्हणजे मागचा समुद्र. मेंदू मात्र दोघांना घेऊनच चालला होता.

मला यात सगळ्यात जास्त चटका लावून जाते ती पहिल्या माणसाची गोष्ट. २०२० च्या त्या प्रयोगात विस्कटलेला तराफा होता जीएम-१ नावाच्या मेदाचा. तो ज्या खुंटीने पटलात रोवलेला असतो, त्या खुंटीत स्फिंगोसिन आहे, थुडिखुमने नाव ठेवलेलं. आणि जीएम-१ पेशीवर कुठे आहे ते शोधायची रूढ रीत काय? कॉलराच्या जिवाणूच्या विषाचा एक निरुपद्रवी तुकडा चमकता करून सोडायचा. तो जीएम-१ ला जाऊन चिकटतो. ते विष अस्तित्वात आहे हे १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं होतं. ज्या सरकारी पैशातून थुडिखुमचं काम सुरू झालं, त्या यादीत कॉलरा होताच. म्हणजे कॉलराच्या मागे लागून मेंदूतला मेद हाती आला, आणि कॉलराच्याच विषाने शेवटी तो मेद पेशीवर बसलेला दिसला. मधे गेली दीडशे वर्षं.

थुडिखुमला लोकांनी वेड्यात काढलं ते उत्तर चुकलं म्हणून नव्हे. समोरचा चिकट गोळा एकच पदार्थ आहे असं मानून पुढे जाणं सोयीचं होतं, आणि तो तसं मानू देत नव्हता म्हणून. त्याने पदार्थ वेगळे केले, प्रत्येकाला नाव दिलं, आणि एकासमोर तर "हे कोडं आहे" असं सरळ नावातच लिहून ठेवलं. कोडं सोडवल्याचा आव आणला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर तिकीट बंद केलं नाही, नीट वर्णन लिहून उघडं ठेवलं. पुढच्या माणसाला ते सापडलं ते त्यामुळेच.

असो. बराच लांबला लेख. सोमवार आलाच आहे, आमची तिकिटं वाट बघतायत. वाचून कोणा भूलतज्ज्ञाला किंवा जीवशास्त्रवाल्याला काही भर घालावीशी वाटली तर जरूर कळवा.